तुम्ही विचारलंत म्हणून: मी बेकेटच्या बाजूचा आहे का?

मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यावर बोलायला उभा राहिलो की शेवटी कोणीतरी हा प्रश्न विचारतेच: स्वतःला इहवादी म्हणवता, मग दुसऱ्या हेन्रीसारख्या सुधारक राजाला सोडून त्याच्याशी भांडणाऱ्या कँटरबरीच्या आर्चबिशप थॉमस बेकेटची वकिली का करता? वेळ संपत आलेली असते, मी दोन वाक्यांत काहीतरी सांगतो आणि विचारणारा ‘म्हणजे चर्चचेच बरोबर’ असा अर्थ काढून निघून जातो. म्हणून एकदाचे लिहूनच देतो.

तुमचे म्हणणे मला ठाऊक आहे. वर्गात ते मीच मांडतो. बेडफर्डचा धर्माधिकारी फिलिप द ब्रोई याच्यावर एका सरदाराच्या खुनाचा आरोप होता आणि बिशपच्या न्यायालयात तो शपथेवर सुटला. राजाच्या न्यायाधीशाने प्रकरण पुन्हा उकरले, तेव्हा फिलिपने त्यालाच शिवीगाळ केली. धर्मदीक्षा घेतलेल्यांना, म्हणजे डोक्याचा मध्यभाग भादरलेल्या साध्या कारकुनालासुद्धा, चर्चचे न्यायालय ना फाशी देई ना हातपाय तोडी. फार तर दीक्षा काढून घेई. ११६४ मध्ये राजाने क्लॅरेंडन येथे चर्चपुढे ठेवलेल्या कलमांपैकी तिसऱ्याने यावर उपाय सांगितला: आरोपीने आधी राजाच्या न्यायालयात हजर व्हावे, चर्चमधील खटल्यावर राजाच्या माणसाची नजर असावी आणि दोष सिद्ध झाला की चर्चने त्याला पाठीशी घालू नये. एकाच गुन्ह्यासाठी देव दोनदा न्याय करत नाही, हे बेकेटचे उत्तर मारल्या गेलेल्या सरदाराच्या नातेवाइकांना कसे वाटले असेल, याचा विचार मीही केलेला आहे.

पण कलमे सोळा होती आणि तुम्ही तिसऱ्यावरच थांबता. राजाच्या परवानगीवाचून बिशपने देश सोडायचा नाही, असे चौथे सांगते. आठव्याप्रमाणे राजाच्या संमतीशिवाय अपील रोमला जाऊ शकत नाही. बिशपचे पद रिकामे असेपर्यंत त्याचे सारे उत्पन्न राजाकडे जाईल आणि नवी निवड राजाच्याच प्रार्थनागृहात होईल, असे बारावे म्हणते. म्हणजे पद जितके दिवस रिकामे राहील तितका राजाचा फायदा. (आर्चबिशप होण्याआधी चॅन्सेलर, म्हणजे राजाचा मुख्य सचिव, असताना हेच उत्पन्न राजासाठी बेकेटने वसूल केले होते, हे मी कधी लपवलेले नाही.)

खरे तर माझा सगळा आक्षेप त्या जानेवारीतल्या काही दिवसांवर येऊन ठरतो. सॉल्सबरीजवळच्या क्लॅरेंडनच्या शिकारवाड्यात बिशपांना एकत्र बोलावले होते. आजोबांच्या, म्हणजे पहिल्या हेन्रीच्या काळच्या रूढी मान्य करा, एवढीच राजाची मागणी होती. याआधी वेस्टमिन्स्टरला बिशपांनी ‘आमच्या पदाची मर्यादा राखून’ अशी पुस्ती जोडून हो म्हटले होते. आता राजाला ती पुस्ती नको होती. सरदार धमकावत होते, मध्यस्थ गयावया करत होते, आणि दोन टेम्पलर, म्हणजे संन्यासी धर्मयोद्धे, येऊन बेकेटला समजावू लागले की राजाला केवळ त्याचा मान राखलेला हवा आहे. अखेरीस बेकेटने सोबतच्या बिशपांना न विचारता होकार दिला आणि त्यांनाही द्यायला लावला. त्यानंतर त्या रूढी लिहून काढण्याचा हुकूम झाला. जुन्याजाणत्यांनी सांगितलेल्या आठवणी कलमांच्या रूपात चर्मपत्रावर उतरल्या, वाचून दाखवल्या गेल्या आणि आर्चबिशपने त्यावर मुद्रा उमटवावी असे सांगण्यात आले. मुद्रा उमटवायला बेकेटने नकार दिला, पण तीन भागांत कापलेल्या त्या चर्मपत्रातला आपला भाग मात्र घेतला. परतीच्या वाटेवर त्याच्या क्रॉसवाहकानेच त्याची कानउघाडणी केली, आणि पोपकडून दोषमुक्ती मिळेपर्यंत बेकेटने वेदीवरची सेवा थांबवली.

ज्याला आधी तोंडी संमती घेतली जाते आणि मजकूर नंतर दाखवला जातो, तो करार कसला? एवढाच माझा मुद्दा आहे, आणि तो मांडायला चर्चची बाजू घ्यावी लागत नाही.

माझ्यातल्या तरुण वकिलाला मात्र हे पटत नाही. तो म्हणतो की अलिखित रूढी नेहमीच बलवानांच्या सोयीची असते. राजाने ती कागदावर आणली म्हणूनच पोप अलेक्झांडरला ती कलमागणिक तपासता आली. मी त्याला उत्तर देतो की रूढीत दोन्ही बाजूंना हलायला जागा होती, आणि लिहिल्याबरोबर ती गेली. त्यावर तो विचारतो, हलायला जागा कोणाला, फिलिप द ब्रोईला? इथे आमचे बोलणे दरवेळी अडते.

कँटरबरीत २९ डिसेंबर ११७० ला बेकेटचा खून झाला, हे तुम्हाला माहीत आहेच. ११७२ मध्ये राजाने रोमच्या अपिलांवरची आडकाठी काढली. धर्मदीक्षितांना मिळणारी कायद्यातली सवलत पुढे उरली आणि इंग्लंडमध्ये पुरती रद्द व्हायला १८२७ उजाडले. चर्चमधील नेमणुकीच्या हक्काचे दावे मात्र राजाच्याच न्यायालयात राहिले. यात जिंकले कोण, हे मला विचारू नका.

आणि समतेचा मुद्दा काढणार असाल, तर सोळावे कलमही वाचा: भूदासाच्या मुलाला, तो ज्याच्या जमिनीवर जन्मला त्या मालकाच्या संमतीशिवाय दीक्षा देऊ नये. गुलामीतून वर येण्याची जी एक वाट होती, तिच्यावर ‘सर्वांना एक कायदा’ म्हणणाऱ्या राजाने पहारा बसवला. हे उदाहरण मी नेहमी हेन्रीविरुद्ध वापरतो, तेव्हा त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पोपने सोळांपैकी दहा कलमे धिक्कारली आणि सहा सहन करण्याजोगी ठरवली. त्या सहांत सोळावे होते.