फक्त चहा आणि बिस्किटं

आमच्या गुरुवारच्या घरगुती प्रार्थनेत एक नियम आहे. ज्यांच्या घरी प्रार्थना, त्यांनी फक्त चहा-बिस्किटं द्यायची. पोहे नाहीत, केक तर नाहीच. पूर्वी दर घरी एकेक पदार्थ वाढत गेला, आणि एक कुटुंब "आमच्याकडे पुढच्या वेळी" असं म्हणू लागलं. कारण कुणी विचारलं नाही. महिला मंडळाच्या बाईंनी एवढंच जाहीर केलं की डॉक्टरांनी त्यांना तेलकट-गोड बंद केलंय, तेव्हा आता सगळ्यांनाच बिस्किटं. बाईंची तब्येत ठणठणीत होती.

मी मूळची नगरची, पेशाने नर्स. पिंपरीत आले तेव्हा चर्चमधली रविवारची उपासना चुकवत नव्हते. मागचा बाक, गीतं, उपदेश, आशीर्वाद, आणि मग "सलाम, सलाम" करत फाटकाबाहेर. मंडळी चांगलीच होती. पण माझ्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पुढच्या बाकावरच्या बाईंच्या घरी काय चाललंय ते मला.

गुरुवारी मात्र लपायला मागचा बाक नसतो. चटईवर गुडघ्याला गुडघा लागतो. आणि खरं सांगायचं तर यातली निम्मी माणसं मी मैत्रीसाठी निवडली नसती. पेटीवाले काका प्रत्येक गीत काळी एक या खालच्या पट्टीतच धरतात, आम्हा बायकांचा आवाज पाताळात जातो. सांगून पाहिलं, भांडणही झालं. काका काळी एकवर ठाम आहेत.

वसईच्या मावशी कॅथलिक. प्रभूची प्रार्थना त्या "वाइटापासून सोडव" इथे संपवतात, आम्ही बाकीचे प्रॉटेस्टंट "राज्य, सामर्थ्य व गौरव" म्हणत पुढे जातो. सुरुवातीला त्या एकट्याच मध्ये थांबायच्या नि सगळे बावचळायचे. आता त्या थांबतात, आमचं होईपर्यंत डोळे मिटून बसतात आणि शेवटच्या "आमेन"ला येऊन मिळतात. १९७० साली नागपुरात सहा प्रॉटेस्टंट चर्च-मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आमचं ऐक्य इतकं मोठं नाही, एका "आमेन"पुरतं आहे.

गीतांनंतर विनंत्या. मुलाची नोकरी, बहिणीचं लग्न, गुडघे, कर्ज. एकदा ढोलकी वाजवणारा मुलगा म्हणाला, "मला हल्ली प्रार्थनाच करावीशी वाटत नाही. त्यासाठी करा." खोलीत चुळबुळ झाली. मला वाटलं, आता कुणीतरी बायबलमधलं वचन काढणार. पण बोलले ते पेटीवाले काका, ज्यांची प्रार्थना एरवी इस्राएलापासून ग्रामपंचायतीपर्यंत चालते. म्हणाले, "बायको गेल्यावर माझंही तसंच झालं होतं. मी नुसती पेटी वाजवायला यायचो. तू ढोलकी वाजवायला ये."

तो येतो. तोंडाने प्रार्थना करत नाही. "आता कसं वाटतंय?" असं त्याला कुणी विचारत नाही, आणि या मंडळींचा मला सगळ्यात अभिमान वाटतो तो याच गोष्टीचा. विश्वासणाऱ्यांची सहभागिता यावर मी बरेच उपदेश ऐकलेत. त्यात एकमेकांची ओझी वाहण्याबद्दल पुष्कळ असतं. समोरच्याला त्याचं ओझं त्याच्या गतीने खाली ठेवू देण्याबद्दल फारसं नसतं.

माझे वडील गेले तेव्हा काका नगरला आले. एसटीने, पेटी मांडीवर घेऊन. दफनभूमीत त्यांनी गीत धरलं ते चक्क वरच्या पट्टीत. परतताना म्हणाले, "तुझ्या आईला गाता यावं म्हणून." पुढच्या गुरुवारी पुन्हा काळी एक.

आमच्या गीतांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पुष्कळ आहेत, अभंगाच्या वळणाची. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात "देवाचा दरबार" मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फार वाढला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू अभंग ऐकू आला की टाळ घेऊन वर येतात, तेव्हा मला तो दरबार आठवतो. त्या ख्रिस्तभक्त वगैरे नाहीत. त्यांना चाल आवडते. विनंत्या सुरू झाल्या की उठतात. परवा मात्र दारातून वळून म्हणाल्या, "नातवाची दहावी आहे हो, त्याचंही नाव घ्या."

या गुरुवारी प्रार्थना आमच्याकडे आहे. रात्रपाळी बदलून घेतलीय, दूध जास्तीचं सांगितलंय, आणि नातवाचं नाव वहीत लिहून ठेवलंय.