बेसलाइनचं नियोजन शेवटाकडून करा

बेसलाइन म्हणजे मदतीचा कार्यक्रम सुरू होण्याआधीची परिस्थिती नोंदवणारी मोजणी. तिच्या पहिल्या बैठकीत "घरं किती घ्यायची?" हा प्रश्न सगळ्यात आधी निघतो. खरं तर त्याचा नंबर बराच नंतर लागतो. दोन-तीन वर्षांनी कार्यक्रम संपत येईल तेव्हा हीच मोजणी पुन्हा होणार आहे आणि ती बहुधा दुसरीच माणसं करतील. त्यांचा आकडा आपल्या आकड्याशेजारी ठेवता येईल का, हे आधी ठरवायला हवं. बेसलाइन ही अर्धीच मोजणी असते. म्हणून अंतिम अहवालात कोणते तक्ते लागतील ते रिकाम्या चौकटींसह आजच आखून ठेवावेत आणि तिथून मागे यावं. ज्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच चौकटीत बसत नाही, तो प्रश्नावलीत ठेवू नये.

गरजांची पाहणी आणि बेसलाइन यांची गल्लत फार होते. गरजांची पाहणी झटपट होते, ठिकाणं मुद्दाम निवडलेली असतात आणि "काय द्यायचं, कुणाला द्यायचं" हे तिच्यावरून ठरतं. ते आकडे पुढे तुलनेसाठी वापरू नयेत. आपत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत तर बेसलाइनसाठी वाटप थांबवणं चूकच आहे. तिथे नोंदणी पूर्ण होऊन यादी पक्की झाल्यावर, पहिल्या वाटपाच्या आधी, यादीतून नमुना काढून आठ-दहा प्रश्न विचारता येतात. हेच प्रश्न नोंदणीच्या अर्जात घातले तर काम सोपं वाटतं, पण आपलं नाव यादीत राहावं म्हणून माणसं तिथे परिस्थिती आहे त्याहून वाईट सांगतात, आणि यात त्यांचा काही दोष नाही. म्हणून ही विचारपूस नोंदणीपासून वेगळी ठेवावी आणि "या उत्तरांवरून मदत वाढणार किंवा कमी होणार नाही" हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं.

निर्देशक: व्याख्या लिहून काढा

निर्देशक म्हणजे बदल ज्यावरून मोजायचा तो आकडा. प्रत्येक निर्देशकासाठी अंश, छेद, उत्तर कोण देणार, किती दिवसांचं आठवायला सांगायचं, आणि कोणत्या गटांत फोडून पाहायचं, हे सगळं कागदावर असावं. "सुरक्षित पाणी मिळणारी कुटुंबं" एवढ्यावर भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त देखरेख कार्यक्रमाच्या व्याख्येत पाण्याची मूलभूत सोय म्हणजे सुधारित स्रोत (बाहेरच्या घाणीपासून संरक्षित असा) आणि रांगेसह जाऊन-येऊन ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ न लागणं. स्फिअर मानकं (आपत्तीतल्या मदतकार्यासाठीची आंतरराष्ट्रीय किमान मानकं) वेगळं काही मोजतात: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं, घरापासून पाण्यापर्यंत ५०० मीटरपेक्षा कमी अंतर. विस्थापितांच्या छावणीत दुसरी मोजणी उपयोगी, वसलेल्या वस्तीत बहुधा पहिली. बेसलाइनला एक आणि शेवटी दुसरी वापरली तर हाती काहीच राहत नाही.

लिटर मोजायचे तर "किती पाणी वापरता?" असं विचारू नका. काल कोणती भांडी भरली, प्रत्येक भांडं किती लिटरचं, किती खेपा झाल्या हे विचारा, भांडी डोळ्यांनी पाहा आणि बेरजेला काल रात्री घरात झोपलेल्या माणसांच्या संख्येने भागा. तरीही दोन चुका राहतात. जनावरांसाठी आणलेलं पाणी माणसांच्या खात्यात जमा होतं, आणि स्रोतावरच धुतलेले कपडे किंवा केलेली अंघोळ मोजलीच जात नाही. या दोन्हींसाठी एकेक वेगळा प्रश्न ठेवावा.

जागतिक अन्न कार्यक्रमाचा अन्नसेवन गुणांक दिसतो सोपा, पण बिघडतो पटकन. गेल्या सात दिवसांत कोणता अन्नगट किती दिवस खाल्ला, हे विचारून त्याला भार लावतात: तृणधान्यं आणि कंदमुळं २, कडधान्यं ३, भाज्या १, फळं १, मांस-मासे-अंडी ४, दूध ४, साखर अर्धा, तेल अर्धा. २१ पर्यंत निकृष्ट, ३५ पर्यंत काठावर, त्यापुढे स्वीकारार्ह. आता रोज चहात चमचाभर दूध घालणाऱ्या घराची नोंद "दूध, ७ दिवस" अशी झाली, तर एकट्या दुधाचे २८ गुण होतात. रोजच्या धान्याचे १४ मिळवले की ४२. घरात धान्य आणि चहाशिवाय काही नाही आणि तक्त्यात ते घर स्वीकारार्ह! म्हणून चवीपुरत्या किंवा चमचाभर पदार्थांसाठी शून्य भाराचा वेगळा गट ठेवतात, आणि प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ यावर द्यावा लागतो. जिथे तेल आणि साखर जवळपास रोज खाल्ली जाते, तिथे २८ आणि ४२ या सीमा वापरतात. कोणत्या सीमा वापरल्या हे अहवालात लिहिलं नाही, तर पुढचा माणूस दुसऱ्या वापरेल आणि काहीही न बदलता "बदल" दिसेल.

अपंगत्वानुसार आकडे हवे असतील तर वॉशिंग्टन गटाचे (अपंगत्वाच्या आकडेवारीसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या गटाचे) सहा प्रश्न जसेच्या तसे विचारा: पाहणं, ऐकणं, चालणं, आठवणं, स्वतःची काळजी घेणं, संवाद साधणं. "घरात कुणी अपंग आहे का?" हा प्रश्न विचारला की उत्तर हमखास कमी येतं.

ऋतू

बेसलाइन टंचाईच्या महिन्यांत आणि शेवटची मोजणी सुगीनंतर झाली, तर कार्यक्रमाने काहीही केलं नसलं तरी अन्न, उत्पन्न आणि कर्ज यांचे आकडे सुधारलेले दिसतात. उलट क्रम लागला तर चांगल्या कामावर अपयशाचा शिक्का बसतो. दोन्ही मोजण्या त्याच महिन्यात करा. निधी उशिरा आल्यामुळे बेसलाइन चार महिने पुढे ढकलली, तर शेवटच्या मोजणीची तारीखही सरकवायला हवी, आणि हे करारात आत्ताच नोंदवावं. उपवासाचे महिने, निवडणुका आणि वाटपानंतरचे पहिले काही दिवसही टाळावेत.

घरं किती

आता नमुन्याचा आकार. ३८४ हा आकडा बहुतेकांना पाठ असतो: ९५ टक्के विश्वासपातळी, ५० टक्के प्रमाण, अधिक-उणे ५ टक्के चूक. पण हे गणित एका वेळचं चित्र काढण्यासाठी आहे. आपल्याला दोन वेळांमधला फरक ओळखायचा असतो आणि त्याचं सूत्र वेगळं आहे. प्रमाण ४० वरून ५० टक्क्यांवर जाईल अशी अपेक्षा असेल, तर ९५ टक्के विश्वासपातळी आणि ८० टक्के सामर्थ्य (फरक खरोखर असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) धरून प्रत्येक फेरीत सुमारे ३८४ घरं लागतात. आकडा तोच आला हा निव्वळ योगायोग. अपेक्षित वाढ ५ टक्के-बिंदूंचीच असेल तर तेच गणित १,५०० च्या वर जातं. फरक निम्मा केला की नमुना जवळजवळ चौपट होतो. प्रस्तावात माफक बदलाचं वचन द्यायचं आणि ४०० घरांत तो शोधायचा, हे जमणारं नाही.

घरं सुटी न काढता वस्त्यांच्या समूहांतून काढली तर आणखी वाढ करावी लागते, कारण शेजारची घरं एकमेकांसारखी असतात. समूहातल्या घरांची संख्या वजा एक, गुणिले अंतर्गत साम्य (एका समूहातली घरं एकमेकांसारखी किती, याचा आकडा), अधिक एक, हा गुणक. साम्य ०.०५ धरलं तर समूहात २० घरं घेतल्यास गुणक १.९५ येतो आणि १० घेतल्यास १.४५. म्हणजे समूह जास्त आणि प्रत्येकातली घरं कमी, हे केव्हाही चांगलं. प्रवासखर्च मात्र वाढतो. पाण्याच्या बाबतीत साम्य याहून बरंच जास्त असतं, कारण सगळी वस्ती एकाच स्रोतावर असते. गुणक २ धरून ३८४ चे ७६८ झाले. दहा टक्के घरं मिळणार नाहीत असं धरून ७६८ ला ०.९ ने भागा: ८५४.

इथे एक गोष्ट विसरली जाते. ही संख्या घरांची आहे, निर्देशक कुणाबद्दल आहे ते पाहा. सहा ते २३ महिन्यांच्या मुलांबद्दल असेल आणि दर पाच घरांत असं एकच मूल असेल, तर ४०० मुलांसाठी २,००० घरांची दारं ठोठवावी लागतील. आणि प्रत्येक जिल्ह्याचा स्वतंत्र आकडा हवा असेल, तर पूर्ण नमुना प्रत्येक जिल्ह्यात लागतो. निधी देणाऱ्या संस्थेशी हे बोलणं आधीच व्हायला हवं.

कुणाला विचारायचं

मला सर्वात घातक वाटणारी चूक ही: बेसलाइन सगळ्या वस्तीतल्या घरांची आणि शेवटची मोजणी फक्त लाभार्थ्यांची. लाभार्थी गरिबांतून निवडलेले असल्यामुळे दोन्ही आकडे वेगवेगळ्या लोकसंख्यांचे होतात. लाभार्थी अजून ठरले नसतील, तर निवडीचे निकष ज्यावर अवलंबून आहेत ते प्रश्न बेसलाइनमध्ये घाला, म्हणजे नंतर त्याच निकषांची घरं वेगळी काढता येतील. ठरले असतील तरी एक सापळा आहे. ऐन अडचणीच्या क्षणी निवडलेली घरं काही न करताही थोडी सावरतात. ती सुधारणा आपल्या खात्यात जमा होऊ नये, यासाठी तुलना गट, म्हणजे तशाच पण मदत न मिळालेल्या घरांचा गट, लागतो.

मदतकार्यात तुलनेसाठी कुणाला मदत नाकारणं मान्य होणार नाही. पण काम टप्प्याटप्प्यानेच पसरणार असेल, तर नंतरच्या टप्प्यातल्या वस्त्या प्रामाणिक तुलना देतात. तेही शक्य नसेल तर अहवालात "परिणाम" हा शब्द वापरू नका, "बदल" म्हणा.

समूह निवडताना लोकसंख्येच्या प्रमाणात संधी देतात. विस्थापन झालेल्या भागात जुनी यादी निरुपयोगी असते, म्हणून निवडलेल्या प्रत्येक समूहात पोहोचल्यावर आधी घरांची यादी करा आणि प्रत्यक्षात मिळालेली संख्या जपून ठेवा, भार (प्रत्येक उत्तराला हिशेबात किती वजन द्यायचं ते) काढायला ती लागते. समूह मोठा असेल तर नकाशावर भाग पाडून एक भाग चिठ्ठीने काढा. "मध्यावर उभं राहून दिशा निवडा आणि चालत जा" ही पद्धत स्वस्त आहे, पण तिच्यात रस्त्याकाठची घरं जास्त येतात आणि टोकाची सुटतात. बंद घराच्या बदल्यात शेजारचं घर घेऊ नये. वेगवेगळ्या वेळी आणखी दोनदा जावं. दिवसा बंद असलेली घरं बहुतेकदा मजुरीला जाणाऱ्यांची असतात.

"कुटुंब" कशाला म्हणायचं हेही प्रशिक्षणाआधी ठरवा. एकत्र शिजवून खाणारे आणि गेल्या ठरावीक काळात घरात राहिलेले, अशी व्याख्या करतात. छावणीत एक कुटुंब दोन तंबूंत आणि दोन कुटुंबं एका तंबूत असतात. सर्वेक्षकांनी आपापल्या अंदाजाने ठरवलं, तर माणशी असलेले सगळे आकडे बिघडतात.

प्रश्नावली, माणसं, दिवस

मुलाखत ४५ मिनिटांच्या आत संपावी. लांबली की थकलेला सर्वेक्षक आणि थकलेलं कुटुंब दोघांनाही कळतं की "हो" म्हटलं की आणखी पाच प्रश्न उघडतात. शेवटच्या विभागांत "नाही" वाढत जातं, ते यामुळे. भाषांतर झाल्यावर मूळ मसुदा न पाहिलेल्या माणसाकडून ते पुन्हा मूळ भाषेत करून घ्या आणि फरक पडतो तिथे वाक्य बदला.

८५४ मुलाखती, एका सर्वेक्षकाच्या दिवसाला ५, सर्वेक्षक १६. म्हणजे दिवसाला ८० आणि सुमारे ११ दिवस. घरांची यादी आणि प्रवास वेगळा. दर चौघांमागे एक पर्यवेक्षक. प्रशिक्षणाला गरजेपेक्षा तीन-चार जण जास्त बोलवा आणि निवड शेवटी करा. पाच दिवसांपैकी एक पूर्ण दिवस नमुन्यात नसलेल्या वस्तीत पूर्वचाचणीसाठी ठेवा. स्त्रियांशी बोलायला स्त्री सर्वेक्षक हव्यात. कुपोषण पाहण्यासाठी मुलांच्या दंडाचा घेर मोजायचा असेल तर प्रत्येक मोजणाऱ्याने दहा मुलं दोनदा मोजावीत आणि फरक तपासावा. ११५ आणि १२५ मिलीमीटर या सीमांवर दोन-तीन मिलीमीटरनेही मुलाचा गट बदलतो.

कोबो किंवा ओडीके (मोबाइलवर प्रश्नावली भरण्याची साधनं) वापरताना मर्यादा अर्जातच घाला: अन्नाचे दिवस ० ते ७, वय महिन्यांत. "किती दिवस" ऐवजी "किती वेळा" विचारणारा सर्वेक्षक तिथेच अडतो. क्षेत्रकाम सुरू झाल्यावर पर्यायांचे सांकेतिक क्रमांक बदलू नका. रोज संध्याकाळी प्रत्येक सर्वेक्षकाचा मुलाखतीचा सरासरी वेळ, "माहीत नाही" चं प्रमाण आणि ० किंवा ५ वर संपणारे आकडे (ते बहुधा अंदाजाने भरलेले असतात) पाहावेत. दहा टक्के घरांत पर्यवेक्षकाने परत जाऊन न बदलणारे सात-आठ प्रश्न पुन्हा विचारावेत. ही तपासणी तिसऱ्या दिवशी केली तर काम सुधारता येतं, शेवटी केली तर पश्चात्तापच उरतो.

लैंगिक हिंसेबद्दल घरोघरच्या बेसलाइनमध्ये विचारू नये. उत्तर देणारी स्त्रीच धोक्यात येते, आणि त्यासाठीची पद्धत, प्रशिक्षण, आधारसेवा सगळंच वेगळं लागतं. तरीही कुणी आपणहून सांगितलं तर कुठे पाठवायचं, याचा कागद प्रत्येक सर्वेक्षकाकडे असावा. नावं आणि जीपीएस नोंदी उत्तरांपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. विस्थापितांच्या घराचं अचूक ठिकाण चुकीच्या हातात पडलं, तर नुकसान त्यांचं होतं.

अहवालानंतर

आकडे आल्यावर लक्ष्यं तपासा. प्रस्तावात "४० वरून ६० टक्के" असं असेल आणि बेसलाइन ५८ निघाली, तर ते लक्ष्य तसंच ठेवण्यात अर्थ नाही. सहा-आठ आठवड्यांत निधी देणाऱ्या संस्थेला लेखी कळवून ते बदलून घ्या. उशीर झाला की हा बदल सबबीसारखा दिसतो. शेवटच्या मोजणीचे पैसेही याच अंदाजपत्रकात वेगळे काढून ठेवावेत. पुढच्या चमूसाठी एक संच तयार करा: ओळख पटणार नाही अशी मूळ आकडेवारी, दोन्ही भाषांतली अंतिम प्रश्नावली, सांकेतिक क्रमांकांची यादी, निवडलेल्या समूहांची यादी आणि भार, आकडे स्वच्छ करताना काय बदललं याची नोंद, सर्वेक्षकांची पुस्तिका आणि विश्लेषणासाठी संगणकाला दिलेल्या आज्ञा. तो एका माणसाच्या लॅपटॉपवर न ठेवता संस्थेच्या सामायिक जागेत ठेवा, आणि बेसलाइनमध्ये नसलेल्या सहकाऱ्याला त्यातून एक तक्ता पुन्हा काढायला सांगा. तोच आकडा आला नाही, तर संचात काय कमी आहे ते तेव्हाच शोधून घालता येतं.