मेंढपाळ, धनगर आणि मेंढरांमागचा माणूस

खरिपाची काढणी उरकली होती आणि आमच्या फलटणकडच्या शिवारात मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि त्याच्यासोबत फिरणारी कुटुंबे, उतरला होता. मी तेव्हा पाचवीत होतो. ‘मेंढपाळ’ हा शब्द पाठ्यपुस्तकात नुकताच शिकलो होतो, म्हणून धावत घरी जाऊन ‘मेंढपाळ आले’ अशी बातमी दिली. आजीला ती लगेच उमगली नाही. मग म्हणाली, “धनगर आले म्हण की. दादांना सांग, आपल्या रानात दोन राती मेंढरं बसवायला त्यांना विचारा म्हणावं.” रोज मेंढरे पाहणाऱ्या माझ्या आजीच्या तोंडी मेंढपाळ हा शब्द कधीच नव्हता, आणि हा शब्द नेमका कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

धनगर हे एका समाजाचे नाव आहे आणि मेंढपाळ हे कामाचे. बोलताना आपण दोन्ही एकच समजतो, परंतु सह्याद्रीच्या माथ्यावर राहणारे गवळी धनगर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी पाळत आले आहेत. त्यांना मेंढपाळ म्हणणे चुकीचेच ठरेल. हटकर धनगरांची ओळख मेंढरांशी जोडलेली आहे, पण त्यांच्यातही आज शेती, नोकरी आणि व्यापार करणारी असंख्य कुटुंबे आहेत. समाजाच्या नावाला किती वजन असते, हे आरक्षणाच्या वादात दिसते. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमाती (क) या प्रवर्गात येतात, तर अनुसूचित जमातींच्या यादीत ‘ओरांव, धनगड’ अशी नोंद आहे. धनगड आणि धनगर एकच की वेगळे, म्हणजे शेवटचे अक्षर ‘ड’ की ‘र’, यावर मोर्चे निघाले, उपोषणे झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. ‘मेंढपाळ’ या शब्दावर असा कोणाचा हक्क नाही. तो कोरा आहे, म्हणूनच पाठ्यपुस्तकाला आणि सरकारी कागदाला सोयीचा वाटत असावा. शासनाने तर त्याही पलीकडे जाऊन मेंढीपालनाच्या आपल्या योजनेला ‘महामेष’ असे संस्कृत वळणाचे नाव दिले.

या शब्दातला ‘पाळ’ हा गोपाळ आणि द्वारपाल यांच्यातलाच, म्हणजे सांभाळणारा. मात्र प्रत्यक्ष वाड्यावर ‘पाळणे’ हे क्रियापद कमी ऐकू येते. तिथे मेंढरे राखतात, चारतात, वळतात. यांपैकी ‘वळणे’ मला सर्वांत मोलाचे वाटते. उभ्या पिकाकडे निघालेल्या मेंढराला आडवे जाऊन, शीळ घालून किंवा नुसता जिभेचा टकार काढून परत फिरवायचे, याला वळणे म्हणतात. त्यात मारणे नाही आणि ओढणेही नाही. मुलाला वळण लावतो तेव्हा आपण याच क्रियापदाच्या घरातला शब्द वापरतो. इंग्रजीत ‘शेफर्ड’ हे नामही आहे आणि क्रियापदही. एखाद्याला काळजीपूर्वक वाट दाखवत मुक्कामी पोहोचवणे, असा त्या क्रियापदाचा अर्थ आहे. मराठीत मेंढपाळापासून क्रियापद झाले नाही. उलट ‘लोकांना मेंढरांसारखे हाकणे’ असे आपण तुच्छतेने म्हणतो. ज्याने एकदा तरी वाडा चालताना पाहिला आहे, त्याला हा वाक्प्रचार अन्यायकारक वाटेल, कारण पायाने अधू मेंढरू आणि रात्री जन्मलेले कोकरू यांच्या चालीनेच सगळ्यांची चाल ठरत असते.

मराठी ख्रिस्ती समाजाने मात्र हा शब्द मनापासून जवळ केला. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ ही तेविसाव्या स्तोत्राची ओळ महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तोंडपाठ असते आणि चर्चच्या धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘पास्टर’ म्हणजे मेंढपाळच, आणि त्याच्या मुळाशी चारण्याचे क्रियापद आहे. मराठीने चारण्याऐवजी पाळणे निवडले. योहानाच्या शुभवर्तमानातला मेंढपाळ मेंढरांच्या पुढे चालतो आणि ती त्याचा आवाज ओळखून मागून येतात. बिशपच्या हातातल्या दंडाचे वाकलेले टोकही मेंढपाळाच्या काठीवरून आलेले आहे. तशा काठीने मेंढरू अडवून धरता येते. आपल्याकडच्या धनगराजवळही आकडी असते, पण ती लांब काठीला बांधलेली आणि बाभळीचा पाला, शेंगा खाली पाडण्यासाठी. चारा पायाखाली न मिळणाऱ्या मुलखात आकडीचे काम झाडाशी असते.

देवाने मेंढरे राखल्याची कथा आपल्याकडेही आहे. म्हाळसेशी सारीपाटाचा डाव हरून खंडोबा जेजुरी सोडतो आणि धनगराची लेक बाणाई हिच्या ओढीने चंदनपुरीला तिच्या घरी मेंढरांचा चाकर म्हणून राहतो. इथे मेंढपाळ ही देवाला दिलेली उपमा नाही. देव खरोखरच शेणलेंड्या काढतो आणि मेंढरे धुतो. मला ही कथा फार प्रिय आहे, कारण तिच्यात कामाला कमीपणा नाही.

शब्दाची एक उणीव मात्र मला सलते. मेंढपाळ म्हटले की डोळ्यांपुढे घोंगडी आणि काठी घेतलेला पुरुष उभा राहतो, आणि मेंढपाळीण हा शब्द कोणी बोलत नाही. वाडा मात्र बायकांवर चालतो. पहाटे बिऱ्हाड घोड्यावर लादणे, पुढच्या मुक्कामी तीन दगडांची चूल मांडणे, लहान कोकरांना जाळीखाली सांभाळून त्यांच्या आयांना पाजायला लावणे, ही सारी कामे त्या करतात. त्यांच्यासाठी धनगरीण हा शब्द आहे, म्हणजे पुन्हा समाजाचे नाव. कामाचे नाव त्यांना मिळालेले नाही.

अनेक वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, कारण दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही. कापणी झालेल्या भातखाचरात मेंढरे बसवली की लेंडीमूत्राचे खत मिळते, आणि त्याबदल्यात शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देतो. आमच्या रानात त्या वर्षी वाडा दोन राती बसला. हिशेब वडील आणि एक वयस्कर धनगरबाबा खंडीत करत होते. मेंढरांची खंडी म्हणजे २०. इंग्लंडच्या उत्तरेकडचे मेंढपाळही मेंढरे मोजण्याचे जुने वेगळे आकडे २० पर्यंतच म्हणत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत, हे मी फार पुढे वाचले.

निघण्याच्या सकाळी मी धीर करून त्या बाबांना विचारले, “तुम्ही मेंढपाळ आहात ना?” त्यांनी पटक्याचे टोक खोचले, कळपाकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “आम्ही मेंढरांमागं असतो, बाळ.” मग शीळ घातली आणि ते ओढ्याकडे वळलेल्या मेंढरांमागे निघाले.