फेनवे पार्कचं तिकीट आणि तीन पिढ्यांचा वाद

बॉस्टनमध्ये काय बघावं, कुठलं क्लॅम चावडर चांगलं, फ्रीडम ट्रेल चालायला किती वेळ लागतो, हे सगळं तुम्हाला दुसरीकडे भरपूर वाचायला मिळेल, मी त्यावर लिहिणार नाहीये. आम्ही न्यू जर्सीहून गेलो ते फक्त फेनवे पार्कला बॉस्टनच्या रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कच्या यांकीजची बेसबॉल मॅच बघायला, आणि परत आल्यापासून माझ्या डोक्यात तिकीटच घोळतंय. दोन तिकिटांचे मिळून तीनशे डॉलरच्या वर गेले. ब्लीचर्सचे. म्हणजे आउटफील्डच्या मागे, होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो त्या जागेपासून) सगळ्यात लांब, संध्याकाळी ऊन थेट डोळ्यात येतं त्या जागेचे. एका रीसेल ॲपवर सोमवारी बघितलं तेव्हा एक भाव, गुरुवारी दुसरा, शनिवारी सकाळी तिसरा. मला याचा अजूनही राग आहे आणि तो राग नुसत्या पैशांचा नाही.

मी २००४ च्या ऑगस्टमध्ये शिकायला बॉस्टनला आले. ज्यांना बेसबॉल माहितीये त्यांना हे साल सांगायची गरज नाही. त्या ऑक्टोबरमध्ये रेड सॉक्स यांकीजविरुद्धच्या सात मॅचच्या सिरीजमध्ये ०-३ ने मागे पडून सलग चार मॅच जिंकले आणि पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकली, १९१८ नंतर पहिल्यांदा. शहरातली म्हातारी माणसं रस्त्यात रडत होती आणि मला तेव्हा होम रन (आपला सिक्सर) म्हणजे काय एवढंच जेमतेम कळत होतं, पण त्या रात्री मी या टीमची झाले ती झालेच. माझा भाचा मात्र जर्सीत जन्मलेला, चौदा वर्षांचा, कट्टर यांकीजवाला, त्याच्यासाठी जगात आधी यांकीजचा बॅटर ॲरन जज, नंतर बाकी सगळे. बहीण म्हणाली तुझं ते फेनवे फेनवे चालू असतं ना, मग घेऊन जा याला. म्हणून हा प्रवास.

ड्राइव्हबद्दल एवढंच की कनेटिकट संपतच नाही.

केनमोर स्टेशनला ग्रीन लाइनमधून उतरलो की पुढे वाट विचारावी लागत नाही, गर्दीच तुम्हाला नेते. ब्रिजवरून खाली आलो, सॉसेज आणि कांदा परततानाचा वास, तिकीट ब्लॅकवाल्यांचे आवाज, आणि मग एकदम गल्लीच्या अंगाला चिकटलेली ती भिंत. फेनवे १९१२ साली उघडलं, मेजर लीगमधलं आज वापरात असलेलं सगळ्यात जुनं मैदान. आजूबाजूला रस्ते असल्यामुळे लेफ्ट फील्डला जागाच नव्हती, म्हणून तिथे ३७ फूट उंच भिंत आहे, ग्रीन मॉन्स्टर. तिच्या पोटात अजून माणसं बसतात आणि हाताने स्कोअरचे आकडे बदलतात. भाचा फोन खिशात ठेवून बघत राहिला, हे मी आवर्जून नोंदवते कारण तो फोन सहसा खिशात जात नाही.

मैदान छोटं, जेमतेम साडेसदतीस हजार सीट्स, आणि बघायला येणारे त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे भाव चढणार हे मला कळतं. इथे २००३ ते २०१३ सलग ७९४ सीझन मॅचेस हाउसफुल गेल्या होत्या. पण आता भाव नुसता जास्त नसतो, तो हलता असतो. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी २००९ मध्ये काही सीट्सवर हा प्रयोग सुरू केला, समोरची टीम कोण, वार कुठला, हवा कशी, पिचर (म्हणजे बोलर) कोण, त्यावर रोज किंमत बदलायची. मग हळूहळू सगळीकडे तेच झालं. विमानाच्या तिकिटाला हे ठीक आहे हो, विमानाने मी कुठेतरी पोचायला जाते. मंगळवारची थंडीतली मॅच स्वस्त आणि यांकीजची शनिवारची महाग, म्हणजे लहान मुलाला जी मॅच जन्मभर लक्षात राहील तीच नेमकी त्याच्या आईबापाच्या हाताबाहेर. २०२५ पासून सगळ्या फी धरून एकूण आकडा आधीच दाखवायचा असा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम आलाय, शेवटच्या पानावरचा धक्का गेला, पण आकडा तोच राहिला.

आणि हा खेळ असा नव्हता. १८८२ मध्ये अमेरिकन असोसिएशन नावाची लीग निघाली ती मुळी २५ सेंटच्या तिकिटावर, कारण नॅशनल लीग ५० सेंट घ्यायची. रविवारी मॅच आणि मैदानात बिअर, म्हणजे कारखान्यातल्या माणसाला ज्या दिवशी सुट्टी त्या दिवशी त्याला परवडेल असा खेळ. ती लीग दहाच वर्षं टिकली, पण मला त्यांचं म्हणणं पटतं.

आमच्या सीट्सपासून थोडं वर ती लाल खुर्ची होती. सगळे ब्लीचर्स हिरवे आणि सेक्शन ४२, रो ३७, सीट २१ तेवढी लाल. ९ जून १९४६ ला रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने मारलेला होम रन तिथे पडला, एका प्रेक्षकाच्या स्ट्रॉ हॅटमधून आरपार. ५०२ फूट. भाचा वर चढून गेला, तिथून होम प्लेटकडे बघितलं आणि खाली येऊन म्हणाला, "मावशी, इम्पॉसिबल आहे हे. काहीतरी चुकीचं मोजलंय."

त्यावर आमच्या शेजारी बसलेल्या आजोबांनी मान वळवली. सत्तरीच्या आसपासचे, जुनी धुऊन धुऊन विटलेली निळी टोपी, मांडीवर कागदी स्कोअरकार्ड आणि हातात अर्धी झालेली पेन्सिल. भाषा कळली नसणार, पण इम्पॉसिबल शब्द बरोबर ऐकला. म्हणाले, माझे वडीलही ती मॅच बघितलेली नसताना हेच शपथेवर सांगायचे की चेंडू तिथेच पडला, आणि मी त्यांना आयुष्यभर सांगत राहिलो की टेड असेल मोठा, पण रेड सॉक्सचाच यास्त्रेम्स्की त्याच्यापेक्षा मोठा. मग विचारलं, तुझा कोण? भाच्याने यांकीजचा शर्ट दाखवला. त्यांनी कपाळाला हात लावला आणि पुढच्या पाच इनिंग (मॅच नऊ इनिंगची असते) मी दोघांच्या मधे बसून फक्त ऐकत होते.

कार्ल यास्त्रेम्स्की, आजोबांचा याझ. १९६७ मध्ये त्याने ट्रिपल क्राउन मिळवला, म्हणजे तीन आकड्यांत लीगमध्ये पहिला, .३२६ ॲव्हरेज (दर हजार पाळ्यांत ३२६ हिट्स), ४४ होम रन, १२१ रन्स बॅटेड इन (त्याच्या बॅटिंगवर निघालेले रन), आणि तसं पुन्हा कुणी करायला २०१२ उजाडावं लागलं. आजोबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे, याच ब्लीचर्समध्ये वडिलांबरोबर. भाच्याने लगेच फोन काढला आणि पुढच्या वर्षीचा आकडा शोधला. १९६८, याझ, .३०१, आणि तरी तो लीगमध्ये पहिला! एवढ्या कमी ॲव्हरेजवर आजवर कुणी बॅटिंग टायटल जिंकलेलं नाही. भाच्याला वाटलं वाद संपला.

आजोबांनी पेन्सिल कानाला लावली आणि हात हवेत धरला, गुडघ्याच्या जरासा खाली. म्हणाले, माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) इथे होता. १५ इंच. मग हात खाली आणला. आता इथे आहे, १० इंच. १९६८ मध्ये पिचर इतके वरून टाकत होते की बॉब गिब्सन या पिचरचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन) १.१२ होता, डेनी मॅक्लेन या दुसऱ्या पिचरने ३१ मॅच जिंकल्या, आणि अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये तीनशेच्या वर गेला तो एकटा याझ. त्या वर्षानंतर नियमच बदलले, माउंड खाली आणला, स्ट्राइक झोन (ज्या चौकटीतून चेंडू गेला तर पिचरच्या बाजूने धरतात ती) लहान केला. "तुझ्या फोनमध्ये तो पाच इंच माउंड दिसतो का?" असं त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं.

भाचा गप्प बसणाऱ्यातला नाही. तो म्हणाला की तेव्हा एकच पिचर नऊ इनिंग टाकायचा, दमलेल्या माणसाला मारणं सोपं असतं, आता सातव्या इनिंगला ताजा माणूस येतो आणि ताशी शंभर मैलांच्या स्पीडने टाकतो, जजने २०२२ मध्ये ६२ होम रन मारले ते अशा पिचर्सना. हे मला पटलं. मग यांकीजचा बेब रूथ आला, १९२७ चे ६० होम रन १५४ मॅचच्या सीझनमध्ये, मग रॉजर मॅरिसचे १९६१ चे ६१, तेव्हा सीझन १६२ मॅचचा झाला होता आणि त्यावरून मॅरिसला बिचाऱ्याला किती ऐकावं लागलं, मग स्टिरॉइडचा काळ, बॅरी बाँड्सचे ७३. आजोबा प्रत्येक वेळी म्हणायचे, कुणासमोर खेळला ते आधी सांग.

इथे मी तोंड उघडलं, कारण हा माझा मुद्दा आहे आणि मी तो कुठेही मांडते. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत काळ्या खेळाडूंना मेजर लीगचं दार बंद होतं, म्हणजे रूथच्या सगळ्या आकड्यांत सॅचेल पेजसारखा पिचर एकदाही समोर आलेला नाही. जॉश गिब्सनसारख्या बॅटरला तर कधी खेळूच दिलं नाही. मेजर लीगने २०२४ मध्ये नीग्रो लीग्जचे (काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीग्जचे) आकडे अधिकृत धरले आणि हा गिब्सन .३७२ च्या करिअर ॲव्हरेजने टाय कॉबच्या वर गेला, मरून इतकी वर्षं झाल्यावर. आणि आमची रेड सॉक्स सगळ्यात शेवटी बदललेली टीम, १९५९ मध्ये पम्प्सी ग्रीन आला तेव्हा. मला ही टीम जिवापाड आवडते म्हणूनच हे जास्त टोचतं. आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हो, माझे वडील यावर कधी बोलायचे नाहीत आणि मी विचारायला हवं होतं.

तरी माझं मत टेडच. १९४१ च्या सीझनचा शेवटचा दिवस, ॲव्हरेज .३९९५५, बाहेर बसला असता तरी राउंड होऊन .४०० धरलं गेलं असतं. तो फिलाडेल्फियात डबलहेडरच्या दोन्ही मॅच खेळला, आठात सहा हिट्स, .४०६. तेव्हा सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः आऊट होऊन दुसऱ्याला रन काढून देणारा उंच फटका) ॲट-बॅटमध्ये, म्हणजे ॲव्हरेजच्या पाळ्यांत, मोजायचे, आजच्या नियमाने आकडा अजून वर गेला असता. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये चारशे कुणालाही जमलेलं नाही. शिवाय दुसरं महायुद्ध आणि कोरियात मिळून त्याची जवळजवळ पाच वर्षं गेली, कोरियात ३९ वेळा लढाऊ विमान घेऊन गेला, आणि तरी ५२१ होम रन. बोला आता.

घरी माझे बाबा गावसकरबद्दल असंच बोलतात. १९७१, वेस्ट इंडिज, ७७४ रन्स, हेल्मेट नाही. माझ्या भावाचं सचिन, आणि आता त्याच्या मुलाचं कोहली. या वादात कुणी जिंकत नाही, पण तो वाद ऐकत ऐकतच मला क्रिकेट कळलं, पुस्तकातून नाही. भाच्याला माउंडची उंची कुठल्याही साइटवर सापडली असती. त्याने ती शोधली नसती, कारण ती शोधायची असते हेच त्याला माहीत नव्हतं. एका माणसाने हात हवेत धरून दाखवली तेव्हा ती त्याच्या डोक्यात बसली.

आठव्या इनिंगच्या आधी मी आजोबांना सहज विचारलं, नातवंडं नाही का आणली? ते म्हणाले, दोघं आहेत, नऊ आणि सहा, मुलाने वाढदिवसाला तिकीट दिलंय, एक. यांकीजची मॅच बघायची माझी इच्छा होती, आणि चौघांचे तर परवडणारच नव्हते. वडील गॅरेजमध्ये मेकॅनिक होते, आम्हा चार भावंडांना वर्षातून दोन-तीनदा घेऊन यायचे. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, स्कोअरकार्ड भरता भरता सांगितलं. पण मला त्यानंतर मॅचमध्ये नीट लक्ष देता आलं नाही. स्कोअरकार्डवर पेन्सिलने खुणा कशा करायच्या हे ते माझ्या भाच्याला शिकवत होते, जर्सीच्या यांकीजवाल्याला, आणि त्यांची स्वतःची नातवंडं वीस-पंचवीस मैलांवर घरी टीव्हीसमोर. त्यात भाच्याचा दोष नाही आणि माझाही नाही. पण मैदान भरलेलं आहे म्हणजे सगळं छान चाललंय असं जे म्हणतात त्यांनी त्या एका तिकिटाचा विचार करावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही केप कॉडला गेलो, सॅगमोर ब्रिजला नेहमीचा ट्रॅफिक, आणि संध्याकाळी ब्रूस्टरला व्हाइटकॅप्सची मॅच. केप कॉड लीगमध्ये देशभरातली कॉलेजची मुलं येऊन लाकडी बॅटने खेळतात, गावातल्या कुटुंबांच्या घरी राहतात, आणि मॅचला तिकीट नाही. फुकट. शाळेच्या मागचं मैदान, लोक घरून घडीच्या खुर्च्या घेऊन आलेले, फाऊल बॉल पडला की दहा पोरं झाडीत धावणार. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून कुणाचीही मॅच बघावी तसं. २०१२ मध्ये ॲरन जज इथेच खेळला होता. भाचा तारेच्या कुंपणाला नाक लावून उभा राहिला, खेळाडू इतके जवळ की बॅटच्या मुठीला लावलेला पाइनच्या डांबराचा चिकट थर दिसत होता. शेजारच्या बाईंनी त्याला आपणहून सांगितलं की जज तेव्हाही सगळ्यांपेक्षा डोकं भर उंच होता. त्या कोण, कधी बघितलं, काही विचारावं लागलं नाही, दोन मिनिटांत त्या जज मोठा की यांकीजचा जुना मॅंटल यावर पोचल्या होत्या.

येताना गाडीत ओहतानी आणि रूथ झालं, दोघंही पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारे. भाचा म्हणतो ओहतानी, कारण रूथने न्यूयॉर्कला गेल्यावर पिचिंग जवळपास सोडलंच. मी म्हणते १९१६ मध्ये बॉस्टनसाठी २३ मॅच जिंकलेला पिचर होता तो, आणि ५४ होम रन, ५९ स्टोलन बेसेस (फटका नसताना पळून पटकावलेले) हे ओहतानीने २०२४ मध्ये केलं तेव्हा तो दुखापतीमुळे पिचिंग करत नव्हता, मग एकाच सीझनची दोन्ही कामं मोजायची कशी ते आधी ठरव. हार्टफर्डपर्यंत ठरलं नाही.

सप्टेंबरमध्ये बाबा येतायत पुण्याहून. भाच्याला त्याच्या या आजोबांना बेसबॉल दाखवायचंय, आम्ही सगळे मिळून सहा जण. मी फेनवेचा आकडा काढून बघितला आणि ॲप बंद केलं. वूस्टरला जाणार आहोत, पोलर पार्क, रेड सॉक्सची ट्रिपल-ए (मेजर लीगच्या एक पायरी खालची) टीम, २०२१ मध्ये उघडलेलं स्टेडियम. सहा जणांचे मिळूनही फेनवेच्या त्या दोन ब्लीचर्सइतके होत नाहीत. भाच्याने आत्तापासून स्कोअरकार्डची पानं प्रिंट करून ठेवलीत, आणि बाबांना फोनवर विचारून झालंय की गावसकरच्या वेळी पिच किती वेगळं होतं.