‘हे गे लोकांचं म्युझिक ना?’

गाडीत हाउस, म्हणजे शिकागोत जन्मलेलं क्लबातलं नाचाचं संगीत, लावलं की हा प्रश्न मागच्या सीटवरून येतोच. विचारणारा मेहुणा असो नाहीतर ऑफिसातला नवा पोरगा, प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो. तो तोंडावर कुणी विचारत नाही. शेजारी बायको बसलेली असते ना.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हो. नावसुद्धा तिथलंच. शिकागोत जेफरसन स्ट्रीटवर 1977 साली ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब सुरू झाला, डीजे फ्रँकी नकल्स. येणारी मंडळी काळी आणि लॅटिनो, त्यातली बहुतेक गे. तिथं वाजतं ते हाउस. त्याच काळात न्यूयॉर्कात फ्रँकीचा जुना दोस्त लॅरी लेव्हन ‘पॅरडाइज गॅरेज’मध्ये वाजवायचा. तिथं दारू मिळत नसे, तरी लोक उजाडेपर्यंत नाचत. दोघंही गे. झालं समाधान?

‘आणि ती बाई एवढी का ओरडते?’ हा जोडप्रश्न. अहो, ती ओरडत नाही. तो चर्चमध्ये तयार झालेला गळा आहे. लोलिअटा हॉलोवे आधी गॉस्पेल गायची. ज्या पोरांना घरानं आणि चर्चनं दाराबाहेर काढलं, त्यांना तोच आवाज शनिवारी रात्री अंधाऱ्या हॉलमध्ये परत मिळायचा. चार सरळ ठोके, मधल्या फटीत हाय-हॅट, म्हणजे ड्रमवरच्या जोडझांजा. मग एकदम ठोके काढून घेतात आणि नुसता गळा उरतो. पुढची ओळ उचलण्याआधी तिनं घेतलेला श्वासही ऐकू येतो. मी त्या श्वासासाठी ऐकतो. आमच्याकडे काही जण म्हणतात, म्हणजे आपल्या भजनासारखंच की! हे वाक्य मीच पूर्वी फेकायचो. आता नको वाटतं. का, ते पुढं येईल.

हे सगळं मला एका मित्रानं शिकवलं. डोंबिवलीच्या लोकलमध्ये एक इयरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. त्यानं भरून दिलेल्या सीडीवर निळ्या मार्करनं ‘गॅरेज’ लिहिलेलं असायचं. 2009 च्या जुलैत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 वरचा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला, त्या संध्याकाळी त्यानं मला पेढा दिला. कशाचा, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. मी ‘छान आहे’ म्हणालो, पेढ्याला.

पुढच्या वर्षी एका कॉलेजनं मला या संगीतावर बोलायला बोलावलं. स्लाइड त्यानंच करून दिल्या होत्या. आदल्या रात्री मी त्या बघत बसलो. सातव्या स्लाइडवर होतं: ‘काळे आणि लॅटिनो, बहुतांशी गे.’ समोर प्राचार्य बसणार. मी शेवटचे दोन शब्द खोडले. ‘काळे आणि लॅटिनो’ राहिलं, वाक्य नीटच दिसत होतं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर बसला होता तोच. सातवी स्लाइड आली, त्यानं पडद्याकडे पाहिलं, आठवी लावली.

मी रंगून बोललो. 12 जुलै 1979 ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या, म्हणजे हाउस ज्यातून निघालं त्या संगीताच्या, रेकॉर्डी स्फोटानं उडवल्या, तिकीट 98 सेंट आणि सोबत आणलेली एक रेकॉर्ड, हे सांगितलं. तेव्हा दारावर काम करणारा एक काळा पोरगा, व्हिन्स लॉरेन्स. त्याला दिसलं की आणलेल्या कित्येक रेकॉर्डी डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या काळ्या गायकांच्या होत्या. पुढं त्यानंच हाउसच्या पहिल्या रेकॉर्डींवर काम केलं. मग ‘राइड ऑन टाइम’ हे गाणं: 1989 मध्ये हॉलोवेचा आवाज तिला न विचारता उचलला आणि व्हिडिओत ओठ हलवायला एक मॉडेल उभी केली. यावर तर मी टेबलावर हात आपटला. शेवटी एका मुलीनं विचारलं, ‘सर, त्या क्लबात नेमकं कोण जायचं?’ मी म्हणालो, ‘तुमच्या-आमच्यासारखीच तरुण मुलं. आपल्याकडे भजनाला जमतात तशी.’ टाळ्या पडल्या.

तो वायरी गुंडाळत होता. कोपर ते तळवा, कोपर ते तळवा, गुंता न होऊ देता. मान वर न करता म्हणाला, ‘हॉलोवेबाईंचं छान सांगितलंस.’

बास, एवढंच. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. दिवाळीला अजून शुभेच्छा येतात, सीडी मात्र पुन्हा एकही आली नाही. 31 मार्च 2014 ला फ्रँकी गेला, तेव्हा मी लांबलचक मेसेज पाठवला. उत्तर आलं, ‘हो, कळलं.’

मी अजून स्वतःशी वाद घालतो. तेव्हाचा मी म्हणतो, ते दोन शब्द ठेवले असते तर कार्यक्रमच गुंडाळला असता. निदान गाणी तरी पोचली. मी म्हणतो, कुणाची गाणी? तो म्हणतो, आज तुझं काय जातंय बोलायला, 2018 च्या सुप्रीम कोर्टाच्या 377 वरच्या निकालानंतर तुझी कंपनीच जूनमध्ये, प्राइडच्या महिन्यात, लोगो सप्तरंगी करते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्याचंही सगळं खोटं नाही.

मागच्या महिन्यात भाच्यानं गाडीत हाच प्रश्न विचारला. खेड-शिवापूरच्या टोलपर्यंत मी त्याला सगळं सांगितलं, काही न खोडता. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘आणि मामा, तू?’

‘छे, मी नाही,’ मी म्हणालो. त्याचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.