योसेमिटीचा फायरफॉल: फोटो आणि एडिटिंग, माझा अनुभव

फेब्रुवारी आला की सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या आमच्या मित्रमंडळीत एकच विषय, यंदा पाणी आहे का. पाणी म्हणजे कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये एल कॅपिटन या उभ्या दगडी डोंगराच्या पूर्वेकडच्या कड्यावरून पडणारा हॉर्सटेल फॉल. एरवी कोणी मान वर करून बघणार नाही इतकी बारीक धार, पण फेब्रुवारीच्या मध्यापासून शेवटापर्यंत मावळतीचं ऊन असं तिरपं येतं की बाकी कडा सावलीत जातो आणि ती धार तेवढी पेटल्यासारखी दिसते, यालाच हल्ली फायरफॉल म्हणतात. ऑक्टोबरातही सूर्य त्याच कोनात असतो, पण तेव्हा धबधबा बहुतेक कोरडा.

नुसती तारीख जुळून भागत नाही. वर बर्फ हवा, दुपारी तो वितळेल एवढी ऊब हवी आणि पश्चिमेला आकाश मोकळं हवं. काही वर्षी पार्कमध्ये शिरायलाच रिझर्व्हेशन लागतं, ते आधी बघून घ्या. आम्ही योसेमिटी फॉल्सच्या पार्किंगला गाडी लावून दीडेक मैल चालत एल कॅपिटन पिकनिक एरियाला गेलो, दुपारीच, कारण झाडांच्या फटीतून कडा नीट दिसेल अशी जागा उशिरा मिळत नाही.

१००-४०० मिमीची लेन्स, जड ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, रिमोट. उजेड होता तेव्हाच लाइव्ह व्ह्यू झूम करून कड्याच्या किनारीवर मॅन्युअल फोकस केला आणि तो मग हलवलाच नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची सेटिंग, डेलाइटवर फिक्स. लोक म्हणतात रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आहे ना, नंतर बदलता येतं, बरोबर आहे, पण कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) कॅमेऱ्याने बनवलेल्या जेपेगवरून बनतो आणि ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा ते केशरी ऊन दुरुस्त करायला जातो, मग समोर दिसतंय एक आणि आपण एक्स्पोजर ठरवतोय भलत्याच आकड्यांवर. आणि हिस्टोग्राम आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा, तिन्ही चॅनलचा लावा. साधा हिस्टोग्राम मस्त मध्यावर दिसतो आणि लाल चॅनल तेवढ्यात उजव्या भिंतीला जाऊन आपटलेला असतो, तिथे पाण्याचे सगळे पदर गेले. मी जवळजवळ एक स्टॉप खाली, म्हणजे साधारण निम्म्या उजेडात, शूट केलं.

सूर्यास्ताच्या आधीची शेवटची दहा-पंधरा मिनिटं खरी. पिवळं, मग सोनेरी, मग केशरी, आणि त्यात वारा आला की धार बाजूला उडून तिचा धूर होतो. अर्ध्या सेकंदाच्या शटरला तो धूर नुसता पुसट पट्टा होतो, म्हणून वारा आला की मी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवून १/६० सेकंदावर जात होतो.

पूर्वी योसेमिटीतल्याच ग्लेशियर पॉइंट या उंच कड्यावरून खरेखुरे निखारे ढकलायचे, मूळ फायरफॉल तो, १८७२ च्या सुमाराला सुरू झाला आणि जानेवारी १९६८ मध्ये पार्कने बंद केला. हॉर्सटेलचा तो प्रसिद्ध रंगीत फोटो फोटोग्राफर गॅलन रोवेलने १९७३ साली काढला, फिल्मवर, म्हणजे सॅच्युरेशनची स्लायडर नसताना. हे मला एडिट करताना सारखं आठवत होतं, कारण हल्ली फायरफॉलचे निम्मे फोटो लाव्हा वाटतात. ते पाणी आहे, पाणी दिसायलाच हवं!

म्हणून लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पहिलं काम रंगांचं प्रोफाइल बदलून न्यूट्रल केलं, तेवढ्यानेच लाल भागातले पदर बरेचसे परत आले. ग्लोबल सॅच्युरेशनला हात नाही. धबधब्यावर ब्रश मास्क (तेवढ्याच भागापुरतं एडिट), त्यात हायलाइट्स खाली, ऑरेंजचं ल्युमिनन्स (उजळपणा) किंचित कमी, ह्यू (रंगछटा) मात्र लालकडे अजिबात ढकलला नाही. शॅडोज उचलायचा मोह फार होतो, कड्यावरचा दगड छान दिसतो ना, पण तो उजळला की धार लगेच फिकी पडते. कडा काळसर निळाच ठेवला, त्या निळ्यामुळेच केशरी उठून येतं. डीहेझ (धुरकटपणा काढणारी स्लायडर) टाळलं कारण त्याने सॅच्युरेशनही चढतं. नॉइज रिडक्शन फक्त कड्याच्या मास्कवर.

शेवटी ठेवली ती सगळ्यात लाल फ्रेम नाही, वाऱ्याने धार उडालेली सोनेरी फ्रेम. फोनसाठी एसआरजीबीत (स्क्रीनसाठीची नेहमीची, मर्यादित रंगांची पद्धत) एक्स्पोर्ट करताना लाल पुन्हा हिस्टोग्रामच्या उजव्या भिंतीला चिकटायला लागला, तेव्हा सॉफ्ट प्रूफ (एक्स्पोर्टचे रंग आधीच दाखवणारी सोय) लावून केशरी थोडं आणखी उतरवलं. प्रिंट मॅट कागदावर काढली, त्यासाठी एक्स्पोजर जरा वाढवून वेगळी फाइल केली, नाहीतर मॅटवर कडा अगदीच काळा येतो.