काळ्या दगडाचं बेट

मॉरिशसच्या विमानतळावरून निघून वीस मिनिटंही झाली नव्हती. खिडकीला नाक लावून बसलेली आई म्हणाली, "अगं, हा तर आपलाच कातळ!"

दोन्ही बाजूंना ऊस. मधूनच शेताच्या ऐन मध्यावर काळ्या दगडांचे ढीग, घराएवढे उंच, कुणीतरी निगुतीनं रचल्यासारखे. मला आधी वाटलं पडके बुरूज असतील. आमचा ड्रायव्हर हसला. हिंदी सिनेमे बघून शिकलेल्या त्याच्या हिंदीत म्हणाला, "बुरूज नाही, रान साफ केलं त्याचे दगड." अख्खं मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलेलं, वय साधारण ८० लाख वर्षं. आपल्या सह्याद्रीपुढे कालचं पोर. पण दगड तोच, काळा, सच्छिद्र, उन्हात तापणारा. इथे ऊस लावायचा तर आधी तो दगड उचलावा लागे. तो कुणी उचलला, हे पुढचे सात दिवस आम्ही बघत होतो.

निघण्याआधी सगळ्यांनी समुद्रकिनाऱ्यांचीच यादी दिली होती. आई अडुसष्ट वर्षांची, समुद्रात गुडघ्याच्या वर जात नाही. शिवाय जन्म देवरुखचा, तिला समुद्राचं अप्रूप ते काय! तेव्हा आमची यादी आम्हीच केली. एक सांगून ठेवते: आई तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होती. निवृत्त झाली तरी चुका सुधारायचं काही सुटलेलं नाही. वाण्याच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं लाल पेनातून जातं.

मुंबईहून थेट विमान सहा-साडेसहा तासांचं. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. घड्याळ दीड तास मागे. आम्ही जुलैत गेलो, म्हणजे तिथला हिवाळा. किनाऱ्यावर छान, पण मधल्या पठारावर ढग आणि भुरभुर, स्वेटर लागतोच. मुख्य बेट सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान, त्यामुळे एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून सगळं बघता येतं. मुक्काम हलवत फिरणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

राजधानी पोर्ट लुईमध्ये पहिल्याच सकाळी आप्रवासी घाटावर गेलो. जागा शोधावी लागते. एका बाजूला हमरस्त्यावरची वाहनं, दुसरीकडे बंदर, आणि मध्ये काळ्या दगडाच्या चार भिंती, एक कमान, थोड्या पायऱ्या. सगळं मिळून १६४० चौरस मीटर. जागतिक वारसा म्हटल्यावर डोळ्यांपुढे काहीतरी भव्य असतं. इथे तसं काहीच नाही आणि तिकीटही नाही. बराचसा भाग रस्ता होताना गेला. जे उरलंय त्याला २००६ साली युनेस्कोनं यादीत घेतलं. पूर्वी या जागेला कुली घाट म्हणत.

ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद करायचं ठरवलं आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ला 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर आले. तेव्हापासून १९२०पर्यंत जवळपास साडेचार लाख भारतीय या बंदरात उतरले. बिहारचे सर्वांत जास्त, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची आपली माणसं. पाच वर्षांचा करार. एक दिवस खाडा केला की दोन दिवसांची मजुरी कापायची. आत दवाखान्याच्या भिंती आहेत, स्वयंपाकाची जागा आहे, मोऱ्या आहेत. दोन-एक दिवस इथे ठेवून, नोंदी करून माणसाला मळ्यावर धाडत. नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. पुढे फोटोसुद्धा. हे सगळे कागद मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेत. लोक तिथे जाऊन आपला पूर्वज शोधतात.

आमच्या ड्रायव्हरनं शोधला होता. त्याचं आडनाव म्हणजे त्याच्या खापरपणजोबांचं नुसतं नाव. कारकुनानं विचारलं, त्यानं सांगितलं, तेच घराण्याला चिकटलं. घरात बोलतात क्रिओल, म्हणजे फ्रेंचपासून झालेली इथली बोली. मराठी शाळेत शिकलेली आणि देवळातली. म्हणजे आरत्या पाठ, पण "जेवलास का?" विचारलं तर दोन क्षण थांबून उत्तर.

आई पायऱ्यांपाशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "इथून वर चढताना त्यांना डोंगर दिसला असेल. गावचाच वाटला असेल." पोर्ट लुईच्या मागे खरोखरच डोंगर आहेत, माथ्यावर सुळके असलेले. मला तोवर दिसलेच नव्हते.

जेवायला बाजारात. इथे धोलपुरी खाल्ल्याशिवाय येऊ नका. डाळ शिजवून, वाटून पोळीत भरतात. दोनाची जोडी मिळते, आत पावट्यासारख्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचं रुगाय (मसालेदार रस्सा) आणि मिरचीची चटणी. आईचा शेरा: "पुरणात गूळ घालायचा विसरलेली पुरणपोळी." पण खाल्ल्या चार. वर आलुदा, म्हणजे आपला फालुदाच. जवळच एका संग्रहालयात मॉरिशसची १८४७ची दोन जगप्रसिद्ध पोस्टाची तिकिटं आहेत. खरी तिकिटं तासातून थोडाच वेळ उजेडात ठेवतात, उरलेला वेळ नक्कल. आम्ही नक्कल बघून आलो. पोटभर जेवल्यावर वाट बघायचा कंटाळा आला.

पाम्प्लमूसच्या बागेत एक तास धरला होता, गेले तीन. हौदातली ती परातीएवढी कमळाची पानं सगळेच बघतात. आई अडकली जायफळाच्या झाडापाशी. अठराव्या शतकात मसाल्यांवर डचांची मक्तेदारी होती. पिएर प्वाव्र नावाच्या फ्रेंच माणसानं जायफळ-लवंगेची रोपं त्यांच्या हातावर तुरी देऊन इथे आणून लावली. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये 'प्वाव्र' म्हणजे मिरी. देवरुखच्या परसात जायफळ बघत वाढलेल्या बाईला हा चोर फारच आवडला.

शामारेलची सात रंगांची माती? बघा, पण फार आशा ठेवू नका. बेसाल्ट कुजून लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली, त्यांचे लाल, तपकिरी, जांभळट उंचवटे. फोटोत दिसतं तेवढंच आहे, आणि कठड्याबाहेरून बघायचं. वाटेतला धबधबा मात्र थांबण्यासारखा आहे, सुमारे शंभर मीटर, दरीत सरळ कोसळणारा. गंगा तलावाला धुकं होतं. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं हे तळं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याच्या स्वप्नात आलं म्हणे, आणि १९७२मध्ये त्यात गंगाजल मिसळलं. महाशिवरात्रीला घराघरातून लोक कावड घेऊन चालत येतात. १०८ फुटी शंकराची फक्त पावलं दिसली, वरचा देव ढगात. आईला तेच जास्त पटलं.

पक्ष्यांची आवड असेल तर आग्नेयेकडचं इल ओ एग्रेत हे बेट चुकवू नका. माएबुर्गजवळून होडीनं जायचं. डोडो तर सतराव्या शतकातच संपला. पण इथल्या ससाण्याचीही तीच गत होणार होती. १९७४ साली मोकळ्या रानात फक्त चार उरले होते, तिथून माणसांनी तो वाचवला. या छोट्या बेटावर गुलाबी कबुतरं दिसतात आणि चालत्या पाटांसारखी कासवं.

ल मॉर्न शेवटच्या दिवसासाठी ठेवला होता. नैऋत्य टोकाला समुद्रात शिरलेला ५५६ मीटरचा कडा. लांबून बघितलं तर कुणीही गिर्यारोहक "हा किल्ला कुणाचा?" असंच विचारील. अठराव्या शतकापासून मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या कपारींत लपत. आफ्रिका, मादागास्कर, कुठकुठून धरून आणलेली माणसं. १ फेब्रुवारी १८३५ला गुलामगिरी संपली. तेव्हा ती बातमी सांगायलाच शिपाई इथे आले, पण धरायला आलेत असं वाटून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कागदोपत्री काय सापडतं तो भाग वेगळा. इथे कुणाला त्याची गरज वाटत नाही. २००८मध्ये हाही वारसास्थळ झाला. पहिलं जहाज नोव्हेंबर १८३४चं आणि ही तारीख फेब्रुवारी १८३५ची. मध्ये तीन महिने. दोन्ही दिवशी देशाला सुट्टी असते.

आईचे गुडघे बघता मी एकटीच वाटाड्याबरोबर पहाटे निघाले. सुरुवातीची वाट रुंद, सावलीची. नंतर मात्र थेट खडक, हातापायांनी चढायचा. दोन ठिकाणी मी वर बघायचं सोडून फक्त पुढच्या खाचेकडे बघत होते. बूट चांगले हवेत, ओल असेल तर जाऊ नये. वाट संपते तिथे लोखंडी क्रूस आहे. माथ्यावर जाता येत नाही. खाली लगूनचं पाणी, हिरवं, मग एकदम निळं. इंटरनेटवर दिसणारा 'पाण्याखालचा धबधबा' याच बाजूला. पण तो वाळूच्या उतारानं होणारा दृष्टिभ्रम, हेलिकॉप्टरमधूनच नीट दिसतो. वाटाड्यानं कड्याच्या चिरेतलं एक झुडूप दाखवलं. देशाचं राष्ट्रीय फूल, लाल, डूल लोंबावेत तसं. रानात फक्त याच डोंगरावर उगवतं. मी हात लावला नाही.

उतरून आले तर आई आणि ड्रायव्हर किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत गप्पा मारत बसलेले. आई त्याच्या कुळाचा पत्ता काढत होती. "संगमेश्वर? राजापूर? लांजा?" तो मान हलवत होता. कागदावर फक्त बॉम्बे लिहिलंय, गावाचं नाव वाचता येत नाही म्हणाला. मग तो त्यांच्या गणपतीबद्दल सांगू लागला. गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी असते, मूर्ती समुद्रात सोडतात, आणि त्यांच्यात 'झाकरी' नाचतात.

"जाखडी," आई तत्काळ म्हणाली.

"नाही तांतीन, झाकरी." तांतीन म्हणजे मावशी.

"अरे, जाखडीच ती. आमच्याकडे बाल्या नाच म्हणतात."

तो हसला, पण मान काही डोलवली नाही.

परतीच्या वाटेवर उजवीकडे ऊस, डावीकडे समुद्र. आई पुढच्या सीटवर बसून नेहमीसारखी काहीतरी गुणगुणत होती. ती आरती आहे हे मला कळायच्या आत त्यानं स्टिअरिंगवर टाळी धरली आणि खड्या आवाजात म्हणायला लागला. चाल जराशी वेगळी, ओढलेली. दुसऱ्या कडव्यात एक शब्द पूर्ण वेगळा, ऐकून ऐकून बदललेला, अर्थ नसलेला. मी आईकडे बघितलं. तिलाही तो लागला होता, भुवई वर गेली होती. पुढच्या कडव्याच्या शेवटी तोच शब्द पुन्हा आला. या वेळी आईनं तो त्याच्यासारखाच म्हटला.